चार दिवसांचं ऊन

साकोली
८ फेब्रुवारी १९८१

चि. तेजराम,
सप्रेम जयभीम.

हे पत्र फाडायचं असेल तर पहिला परिच्छेद वाचून फाड. इंदूरच्या कारखान्यात तुला रसायनतज्ज्ञाची जागा मिळते आहे, आणि औषध खात्यातल्या तुझ्या फायलीवरचा १९७९ सालचा शेरा आडवा येतो आहे, हे मला कळलं आहे. इंदूरवाले जूनअखेरपर्यंत थांबणार, हेही कळलं. तो शेरा उतरवायच्या मागे मी लागलो आहे. बाकीचं पत्र तुझ्या मर्जीवर.

कसं कळलं म्हणशील, तर भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात. माझ्या पाठीमागे औषध कंपन्यांची दोन पोरं बॅगा मांडीवर घेऊन भजी खात होती. एक म्हणाला, "रायपूरच्या त्या मेडिकलमध्ये एक बी.फार्म. काउंटरवर बसते ना यार, तेजराम म्हणून. इंदूरवाल्यानं घेतला असता, पण याची फाइल खराब आहे म्हणते." दुसरा म्हणाला, "काय केलं त्यानं?" पहिला म्हणाला, "गोळ्या फोडल्या सरकारी." मी चहात तीनदा साखर मागितली, त्यांचं बोलणं संपेपर्यंत उठायला नको म्हणून. माझे कान कसे आहेत तुला माहीत आहे. चहा मात्र पिता आला नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरला खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब नवे आहेत, साताऱ्याकडचे. त्यांनी फाइल काढून मला वाचून दाखवली: "ॲस्पिरिनच्या दोन लाख गोळ्या दवाखान्यांत फुटल्या. बाइंडरची निवड सदोष. जबाबदारी तांत्रिक अधिकारी तेजराम यांची." खाली मालक म्हणून माझी सही. सही ओळखू आली.

साहेब म्हणाले, "शेरा असाच पुसता येत नाही. तेच मिश्रण पुन्हा करा, तपासा, आकडे आणा. निवड बरोबर होती हे दाखवा. आणि तेव्हा गोळ्या का फुटल्या, तेही दाखवा."

पहिली गोष्ट जमेल. दुसरीचं पाहू. त्या डिसेंबरात आपल्या कारखान्यात तू सगळ्या कामगारांसमोर मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी "नाही" म्हणालो होतो. तो विषय मी इथे काढत नाही.

आई सानगडीलाच आहे, तब्येत बरी आहे. तुझी वहिनी वच्छला आठवण करते.

तुझा
परसरामदादा

साकोली
१५ मार्च १९८१

चि. तेजराम,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं असं धरतो. न पोचलेलं परत येतं.

कामाला लागलो आहे. साहेबांनी सांगितलं होतं की एकाच पुडीवर अडून बसू नका, चार बाइंडर शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे निवड तुलनेनं सिद्ध होते. तू तेव्हा हेच म्हणत होतास आणि मी म्हणत होतो, "एकच घे ना बाप्पा, प्रयोगशाळा आहे का आपली?" आता आहे. पॅकिंगच्या खोलीचा कोपरा पडदा लावून वेगळा केला आहे. गोळी फोडून कडकपणा किलोत सांगणारा स्प्रिंगचा चिमटा नागपूरहून दोन-तीन महिन्यांसाठी मागून आणला. गोळ्या खडखडवून किती झिजतात ते पाहायचं फिरतं यंत्र काही मिळालं नाही. मग बिस्किटाच्या मोठ्या गोल डब्याला आरपार सळई घातली, आतून एक आडवी फळी लावली आणि बाहेर दांडा. मिनिटाला पंचवीस फेरे, चार मिनिटं. फेरे वच्छला मारते, मी घड्याळ धरतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अजी, लग्नात सांगतलं नव्हतं का गोळ्या दळाव लागते म्हणून."

तिला बाइंडर म्हणजे काय ते विचारायचं होतं. मी म्हटलं, लाडू पाकात बांधतात तशा नेहमीच्या गोळ्या आपण खळ करून बांधतो. पण ॲस्पिरिनला पाणी लागलं की आंबट वास सुटतो, औषध बिघडतं. म्हणून अशी कोरडी पूड घालायची की नुसत्या दाबानं गोळी धरून राहिली पाहिजे. ती म्हणाली, "म्हणजे बिनपाकाचा लाडू. बांधणाऱ्याचा हात पायजे त्याले." तिला परीक्षेत बसवलं असतं तर पास झाली असती.

आता आकडे. पहिली पूड, कच्चा तांदळाचा स्टार्च. गोळी दोन किलोला फुटली, डब्यात निम्म्या गोळ्यांच्या टोप्या, म्हणजे वरचे पापुद्रे, उडाल्या. दुसरी, शिजवून वाळवलेला स्टार्च, मुंबईचा. चार किलो, झीज शेकडा एकाच्या काठावर. तिसरी तू वाचून हसशील. मी विचार केला, शिजवून वाळवलेला तांदूळ म्हणजे आपले पोहेच की. दिघोरीचे पातळ पोहे आणून दळले, कापडातून गाळले. गोळी चक्क साडेचार किलोची झाली! पण अंगावर कोंड्याचे तांबडे ठिपके, आणि कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवली तरी विरघळायचं नाव नाही. सोमाजीनं, तोच आपला मशीनवाला, ती चमच्यानं हलवून पाहिली आणि म्हणाला, "मालक, हे डोकेदुखीची नाई, हे नाश्त्याची गोळी झाली."

चौथी, लाकडाच्या लगद्याची पांढरी पूड. तू १९७९ मध्ये मुंबईहून मागवलेली तीच, त्याच कंपनीची. गोळी सात किलोची. शंभर फेऱ्यांत झीज शेकडा अर्ध्याच्याही आत. पाण्यात टाकली की पाऊण मिनिटात फुलून मोकळी. मी पाच वेळा केली, पाचही वेळा तेच. डब्यात त्या गोळ्यांचा आवाजच वेगळा येतो, काचेच्या गोट्यांसारखा टणक. कच्च्या स्टार्चच्या गोळ्या फद फद वाजतात.

तर निवड तुझी बरोबर होती. हे मी कागदावर लिहितो आहे, जपून ठेव.

आता तेव्हा का फुटल्या, हा भाग उरला. हवा खराब होती असं लिहावं म्हणतो. त्या साली पाऊस लांबला होता.

परसरामदादा

साकोली
१२ एप्रिल १९८१

चि. तेजराम,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. सव्वा वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. वर जयभीम, खाली सही, मध्ये एक ओळ: "पूड वाळवली होती का, एवढंच लिहा." पूर्वी तू मला "दादा, सांग ना" म्हणायचास. आता "लिहा."

कार्ड उघडं असतं. पोस्टमननं वाचलं, आणि मला देताना म्हणाला, "कायची पूड जी?" मी म्हटलं, "मिरचीची."

विचारलंस म्हणून चौकशी केली. तेव्हा गोदामाचं काम सोमाजीकडे होतं. पिंप पावसाळ्यात आलं होतं, झाकण सैल होतं. ओल लागली असेल या भीतीनं त्यानं ती पूड थोडी उन्हात ठेवली असण्याची शक्यता आहे. साधा माणूस, त्याला काय कळणार. मनात वाईट नव्हतं. साहेबांना तसं लिहून देईन म्हणतो. कामगाराच्या चुकीवर खातं फार लांब जात नाही, तुझा शेरा उतरेल, आणि डिसेंबरात आपलं लायसन नव्यानं व्हायचं आहे, त्यालाही धक्का लागणार नाही. चौदा बाया पॅकिंगवर आहेत, त्यांचाही विचार करावा लागतो.

मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. हाच रस्ता सरळ दिसतो.

परसरामदादा

साकोली
३ मे १९८१

तेजराम,

मागचं पत्र खोटं आहे.

पाकिटाला डिंक लावायला मी वच्छलाला हाक मारली होती. ती म्हणाली, "काय लिवलं वाचून दाखवा तरी." मी वाचून दाखवलं. सोमाजीचं नाव आलं तेव्हा तिनं डिंकाची बाटली खाली ठेवली. म्हणाली, "सोमाजीनं वाळवली? मंग माह्या पेटीतल्या दोन नव्या चादरी कोनाले देल्या होत्या मी? सोमाजीले का?"

तरी मी पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं. तीन आठवडे झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. डबा फिरवणं बंद. फेरे आता मीच मारतो आणि मीच मोजतो, त्यामुळे चुकतात.

म्हणून आता जसं झालं तसं लिहितो.

ऑक्टोबर १९७९. तू आठ दिवस परीक्षकाचं काम म्हणून नागपूरला होतास. मी पिंप उघडलं, हात घातला. पूड मऊ लागली, मुठीत दाबली तर थोडी धरून राहिली. मला वाटलं, ओल आहे. ॲस्पिरिनला पाणी चालत नाही हे तू मला शंभरदा सांगितलेलं. मी घाबरलो आणि मला माहीत असलेलं एकच काम केलं. तुमसरच्या राइस मिलमध्ये बाराव्या वर्षापासून मी धान वाळवलं आहे. ओलं धान दिसलं की माझे हात आपोआप अंगणाकडे जातात. टिनाच्या छपरावर वच्छलाच्या चादरी अंथरल्या, त्यावर वीस किलो पूड पसरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून तिचंच मलमलचं लुगडं. चार दिवस. दर तासाला शिडीनं चढून उलथापालथ करायची. चिमूट कानाशी नेऊन बोटांत चोळायची. पहिल्या दिवशी आवाज नव्हता. चौथ्या दिवशी बारीक करकर यायला लागली. मी स्वतःवर खूश झालो. गरम गरम डब्यात भरून झाकणं लावली, दुसऱ्या दिवशी मशीनवर घातली. सोमाजी म्हणाला होता, "मालक, तेजरामभाऊ येऊन जाऊ द्या ना." मी म्हटलं, "तुले जास्त कळते का?"

मग डिसेंबरात दवाखान्यांतून बाटल्या परत आल्या, निम्म्या गोळ्या, निम्मा चुरा. तू एक बाटली हलवून पाहिलीस आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "दादा, पूड वाळवली होती का?" तुझा आवाज चढलेला नव्हता. तू फक्त माहिती विचारत होतास. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. चौथी पास माणसाला बी.फार्म. माणूस विचारतो आहे, असं ऐकू आलं. मी "नाही" म्हणालो. सोमाजी मशीनला तेल देत होता, त्यानं मान वर केली नाही. दोन दिवसांनी खात्याचा माणूस आला, त्यालाही मी तेच सांगितलं आणि सही केली. तू त्याच रात्रीच्या गाडीनं गेलास.

पहिल्यांदा मला खरंच वाटत होतं की वाळवण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे माझ्या बाजूनं लिहीत नाही, झालं तसं सांगतो. नंतर संशय आला. मग मी त्या संशयाकडे पाहिलंच नाही.

गेल्या पंधरवड्यात पाहिलं. पिंपातली ताजी पूड चार भागांत वाटली. एक तशीच ठेवली. बाकीची एक दिवस, दोन दिवस, चार दिवस छपरावर. तशीच ठेवलेली: सात किलो. एक दिवसाची: साडेपाच. दोन दिवसांची: चार. चार दिवसांची: अडीच, आणि डब्यात वीसपैकी अकरा गोळ्यांच्या टोप्या उडाल्या. नंतर सोमाजीनं सुचवलं म्हणून ती चार दिवसांची पूड ओली पोती टांगलेल्या खोलीत दोन दिवस उघडी ठेवली. पुन्हा दाबली. सहा किलो.

त्या पुडीच्या अंगात थोडी ओल असावी लागते, तीच तिला धरते. तू हे मला पिंप आलं त्या दिवशी सांगितलं होतंस, मी ऐकलं नव्हतं. आणि मला हसू येतं ते याचं, की धानाचं मला पक्कं माहीत आहे. धान उन्हात जास्त राहिलं की तांदळाला आतून चीर जाते आणि मिलमध्ये त्याची कणी होते. मुकादमानं याच चुकीसाठी माझा कान पिळला होता. बारा वर्षांच्या पोराला जे कळलं ते कारखान्याच्या मालकाला कळलं नाही.

सोमाजीला मी सांगितलं की सगळं त्याच्या नावावर ढकललं होतं. तो म्हणाला, "लिवून टाकलं का? मंग पगार वाढवा जी. एवढा मोठा गुन्हा केला मी, अन् पगार तोच?" त्या दुपारचा चहा त्यानं मशीनपाशी एकट्यानंच घेतला.

ही सगळी हकीकत आणि आकडे सही करून मी गुरुवारी साहेबांच्या हातात दिले. सोबत नक्कल आहे. आधी देऊन मग तुला लिहितो आहे, कारण उलट केलं असतं तर मध्ये मला आणखी एखादा सरळ रस्ता दिसला असता.

परसराम

साकोली
२१ जून १९८१

तेजराम,
सप्रेम जयभीम.

सोबत हुकमाची नक्कल आहे. कलम एक वाच: "बाइंडरची निवड योग्य असल्याचे चाचण्यांवरून सिद्ध होते. तेजराम यांच्याविरुद्धचा शेरा रद्द." मूळ प्रत इंदूरच्या कारखान्याला रजिस्टर पोस्टानं गेली, पावती माझ्याकडे आहे. जून संपायला नऊ दिवस आहेत.

कलम दोन माझं आहे. गोळ्या करायचं लायसन चार महिने बंद. साहेबांनी सुनावणीत विचारलं, "परसरामजी, छपरावर? औषधाची पूड?" मी म्हटलं, "हो जी." "चादरीवर?" "हो जी. नव्या होत्या." ते खिडकीतून बाहेर पाहायला लागले. मला वाटतं हसू आवरत होते, पण शिक्षा कमी केली नाही. बरोबर केलं.

बायांना बाहेर काढलेलं नाही. मलमाच्या डब्या भरायचं काम आहे, त्याला हे लायसन लागत नाही. आठवड्यातून चार दिवस पुरतं. वच्छला बोलायला लागली आहे. पहिलं वाक्य, "चादरी घेऊन द्या."

तू इथे परत ये असं मी लिहिणार नाही. इंदूरची जागा मोठी आहे, यंत्रं नवी आहेत, तिथे जा.

परसराम

साकोली
९ नोव्हेंबर १९८१

चि. तेजराम,
सप्रेम जयभीम.

इंदूरच्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र.

लायसन परत मिळालं. साहेबांची एक अट होती: कच्च्या मालाच्या साठवणुकीचे नियम एखाद्या मान्यताप्राप्त रसायनतज्ज्ञानं लिहून, सही करून भिंतीवर लावायचे. मी तुला विचारलं नव्हतं. नागपूरच्या एका माणसाला पैसे देऊन करून घेणार होतो. साहेबांनीच तुला कळवलं असावं, किंवा वच्छलानं. दोघंही कबूल करत नाहीत.

काल तुझं रजिस्टर पाकीट आलं. मी आत पत्र शोधलं. पत्र नव्हतं. एक मोठा कागद, नऊ नियम, खाली तुझी सही आणि मान्यतेचा क्रमांक. तो क्रमांक मी दोनदा वाचला.

सगळे कामगार जमा केले आणि सोमाजीला मोठ्यानं वाचायला लावलं. पिंप कुठे ठेवायचं, झाकण कसं लावायचं, आतली ओल कशी मोजायची. सगळं ठीक चाललं होतं. सातव्यावर तो अडला. मनात वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"वाच ना," मी म्हटलं.

"मालक, हे वाचू का?"

"काहून, काय आहे असं?"

त्यानं घसा साफ केला. "नियम सात. गोदामाची किल्ली कोणत्याही परिस्थितीत मालकाकडे राहणार नाही. ती मशीन चालवणाऱ्याकडे राहील."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वच्छलानं पदरही लावला नाही. मी कमरेची किल्ली सोडून सोमाजीच्या हातावर ठेवली. कागद फ्रेम करून लावला आहे, दरवाजाच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. माझ्या डोळ्यांच्या.

आज दुपारी नवं पिंप आलं. मला आत जाऊन झाकण पाहायचं होतं. सोमाजी घरी जेवायला गेला होता. मी गोदामाच्या पायरीवर बसून राहिलो, पाऊण तास. तो आला, हात पुसला, कुलूप उघडलं, आणि म्हणाला, "या जी. पन हात नोका लावू."

मी हात मागे बांधून आत गेलो.

तुझा
दादा